गाडी म्हणे कंटेनरमध्ये, टोल मात्र माझ्या फास्टॅगवर

बंगळुरूहून ठाण्यात, घोडबंदर रोडला बिऱ्हाड हलवलं. सामान नीट आलं. गाडीने मात्र घाम काढला.

ती बंद कंटेनरमधून आणायची म्हणून एका वाहतूक कंपनीशी दर ठरला १३,५०० रुपये. आगाऊ ४,००० दिले. स्वस्ताला भुललास, असं म्हणणाऱ्यांनी घराचं डिपॉझिट आणि मुलाच्या शाळेची फी एकाच महिन्यात भरून बघावी. गाडी न्यायला माणूस आला तेव्हा ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे १५,००० मागितले, म्हणे गाडी पोचली की परत. विम्याचा हप्ता कोण परत करतं हो? पॉलिसीचा कागद हातात पडेपर्यंत विम्यासाठी दमडी सोडू नका. आणि क्यूआर कोडवर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

पण जीव जळतो तो त्या रात्रीच्या मेसेजांनी. कोगनोळी टोल. मग किणी. मग तासवडे. पहाटे आणेवाडी. बंद कंटेनरमधल्या गाडीचा टोल कापला जाईलच कसा? कोणीतरी माझी गाडी हायवेवर हाणत आणत होतं, तीही माझ्याच टोलवर! कंपनीला फोन केला तर, "सर, टेन्शन मत लो, अंदर से भी टॅग स्कॅन हो जाता है." पत्र्याच्या पेटीतून! मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळून तरी काय करणार होतो? चावी त्याच्याकडे, मूळ आरसी त्याच्याकडे. (आरसीची झेरॉक्सच द्या. टॅग काढून ठेवा. निघताना किलोमीटरचा फोटो काढा, माझा होता म्हणून कळलं: ४१,२६० चे ४२,३९० झाले होते.)

गाडी थांबवली तळोजाच्या बाजूला एका यार्डात. उरलेले ९,५०० तर होतेच, वर ‘जकात’ ७,२०० आणि यार्डाचं भाडं ३,०००. जकात! ती तर जीएसटी आल्यावर बंद झाली, त्याला किती वर्षं झाली! हे तोंडावर सांगितलं तर तिथला माणूस म्हणाला, मग गाडी इथेच राहू द्या, भाडं चढतंय. भरले. एकूण ३८,७००. बंपर फुटलेला, स्टेपनी गायब.

आता पोलिसांचं ऐका. घराजवळच्या ठाण्यात म्हणाले, पैसे बंगळुरूत दिले, तिथे जा. यार्डाच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर, "हा दिवाणी वाद आहे, तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना?" तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी मलाच विचारलं, एवढे शिकलेले असून कसे फसलात? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्यात हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावी लागते. हे मी सांगितलं. उत्तर मिळालं, "मग वकिलालाच घेऊन या." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, माझ्यासारखं गाडीची वाट बघत बसू नका.

बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा, आणि पत्ता बंगळुरूचा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला तर कुठल्याशा कापड दुकानाचा निघाला. बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, ट्रकचा नंबरच नव्हता.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणून ठाणे शहरातच करायचा अर्ज तयार केलाय. टोलचे मेसेज, फोटो, पावत्या, सगळं जोडलंय. अडलंय ते विरुद्ध पक्षाच्या पत्त्यावर. बिलावरच्या पत्त्यावर तिथल्या मित्राला पाठवलं होतं. तिथे चहाची टपरी आहे.