कॉर्टिसोल एलायझा किट: रक्तासाठी ठीक, विष्ठेसाठी सांभाळून

कळपातला दर्जा आणि ताण यांचा संबंध शोधताना वन्यप्राण्याला न पकडता विष्ठेतून कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक मोजणे सोयीचे. अडचण अशी, की हे ९६ खाचांचे एलायझा किट (प्रतिपिंड आणि रंग यांवरून पदार्थ मोजणारी चाचणी) रक्तातल्या कॉर्टिसोलसाठी बनवलेले आहे आणि विष्ठेत मूळ कॉर्टिसोल जवळजवळ नसतेच. यकृत व आतड्यांतून त्याची चयापचयिते, म्हणजे मोडून बनलेले पदार्थ, उतरतात. किटमधल्या प्रतिपिंडाने (ठरावीक पदार्थ ओळखून धरणाऱ्या प्रथिनाने) ती ओळखली नाहीत, तर आकडे सुबक येतात पण निरर्थक. रवंथ करणाऱ्यांसाठी ११-ऑक्सोएटिओकोलॅनोलोन या चयापचयितावर आधारित चाचणी बरी.

मानके (ज्ञात प्रमाणाचे द्रव), नियंत्रणे (पडताळणीचे द्रव) आणि नमुने असे सगळे दोन-दोन खाचांत लावले की जेमतेम ३७ नमुने बसतात. माहितीपत्रकात अर्क काढण्याची कृती नाही, ही मोठी उणीव. ती अशी: ०.५ ग्रॅम विष्ठा, ५ मिली ८०% मिथेनॉल, नीट हलवणे, मग सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव बफरने किमान २० पट विरळ करा. मिथेनॉल जास्त राहिले की प्रतिपिंडाची पकड बिघडते. रंग फिका म्हणजे संप्रेरक जास्त, हे नवखे हमखास उलटे वाचतात. कडेच्या खाचा तापमानाने दगा देतात.

नमुना लगेच उणे २० अंशांवर ठेवा, नाहीतर जिवाणू चयापचयिते बदलतात. आणि विष्ठा आत्ताचे भांडण सांगत नाही; प्राण्यानुसार काही तासांपासून दोनेक दिवसांपूर्वीचे सांगते. बबून माकडांत दर्जाची उतरंड स्थिर असताना खालच्या दर्जाच्या नरांत कॉर्टिसोल चढे आढळले, म्हणून कळपातली उतरंड स्थिर आहे की नाही याची नोंद नसेल तर महागडे किट वाया.

एसीटीएच (कॉर्टिसोल स्रवायला लावणारे संप्रेरक) देऊन किट तुमच्या प्रजातीसाठी पडताळलेले असेल तरच घ्या.