२७ इंची फोर-के मॉनिटर, उबुंटू आणि वेंगुर्ल्याची हवा : दहा महिन्यांनंतर

मी मुद्रितशोधनाचे काम करतो, त्यामुळे पडद्यावरचे अक्षर किती स्वच्छ दिसते यावर माझे पोट अवलंबून आहे. गेल्या आषाढात मी २७ इंची फोर-के मॉनिटर घेऊन तो उबुंटू २४.०४ ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली असलेल्या १५.६ इंची लॅपटॉपला जोडला, आणि तेव्हापासून रोज सात-आठ तास त्याच्यासमोर बसतो आहे.

पहिल्याच संध्याकाळी पडदा १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या रिझोल्यूशनवर अडकला आणि सेटिंग्समध्ये त्याहून मोठा पर्यायच दिसेना. सीव्हीटी या आज्ञेने मोठ्या रिझोल्यूशनचे आकडे काढून ते एक्सरँडर या दुसऱ्या आज्ञेने बसवण्याच्या खटपटीत रात्रीचे अकरा वाजले. शेवटी सिस्टीममधली ईडीआयडीची फाइल उघडून पाहिली, तर ती रिकामी होती. आपल्याला कोणकोणती रिझोल्यूशन्स चालतात, हे मॉनिटर ईडीआयडी नावाच्या छोट्या तक्त्यातून संगणकाला कळवतो. तो तक्ता वाचता आला नाही, तर संगणक सावधगिरीने लहान आकार धरून बसतो. दोष लिनक्सचा नव्हताच. जी एचडीएमआय केबल मी लावली होती, ती तीन पावसाळे पडवीतल्या टीव्हीमागे लोंबकळत होती आणि खाऱ्या वाऱ्याने तिच्या टोकावर हिरवट थर चढला होता. नवी केबल लावताच ३८४० बाय २१६० आपोआप आले, पण केवळ ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रे, कारण लॅपटॉपचे एचडीएमआय जुन्या १.४ आवृत्तीचे आहे. माउसचा बाण मागे रेंगाळत येई. यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्टला जाणारी केबल घेतली, तेव्हा ६० हर्ट्झ मिळाले.

आता अक्षरे इतकी बारीक झाली की डोळ्यांत पाणी यावे. दुकानदाराने रिझोल्यूशन २५६० बाय १४४० करायला सांगितले. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि माझ्या मते तो चुकीचा आहे, कारण तसे केल्यास चित्राचा एक ठिपका पडद्याच्या दीड ठिपक्यावर पसरतो आणि कडा धूसर होतात. मी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी लिहून पाहिले : रफाराचा बाक शिरोरेघेत विरघळला होता आणि कोणता समुद्र व कोणत्या डोंगरातल्या, हे पडद्याला नाक लावूनच कळत होते. रिझोल्यूशन मूळचेच ठेवून स्केलिंग, म्हणजे अक्षरे-चित्रे मोठी दाखवण्याचे प्रमाण, वाढवावे, हा मार्ग खरा. २०० टक्क्यांवर अक्षर अगदी कोरीव दिसते, मात्र दोन पाने शेजारी मावत नाहीत. म्हणून डिस्प्ले सेटिंग्समध्ये फ्रॅक्शनल स्केलिंग, म्हणजे १०० आणि २०० टक्क्यांमधली प्रमाणे देणारी सोय, सुरू करून मी मॉनिटरला १५० आणि लॅपटॉपला १२५ टक्के दिले. मॉनिटरची घनता इंचाला सुमारे १६३ ठिपके आणि लॅपटॉपची १४१ असल्यामुळे या प्रमाणात खिडकी इकडून तिकडे ओढली तरी तिचा आकार जवळपास तोच राहतो. प्रत्येक पडद्याला असे वेगळे प्रमाण देणे वेलँड या खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेत सरळ जमते. तिच्या आधीच्या जुन्या एक्स-ऑर्गमध्ये ते ओढूनताणूनच करावे लागते.

वेलँडचीही एक खोट आहे. जी सॉफ्टवेअर अजून जुन्या पद्धतीने, म्हणजे एक्सवेलँडमधून चालतात, त्यांचे चित्र ताणून मोठे केले जाते आणि ती पुसट दिसतात. ब्राउझर पुसट होता, तो त्याच्या प्रयोगाच्या पानावर ओझोनचा, म्हणजे वेलँड वापरायचे की जुनी पद्धत हे ठरवणारा, पर्याय बदलल्यावर सुधारला. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडात आणणारे विंडोजवरचे एक सॉफ्टवेअर मी वाइन या विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून चालवतो, ते मात्र सुधारलेले नाही. मोठे पुस्तक आले की लॉग-इन करताना दातेरी चक्रावर टिचकी मारून तेवढ्यापुरते एक्स-ऑर्गचे सत्र निवडतो. फक्त अक्षरे मोठी हवी असणाऱ्यांनी या भानगडीत न पडता मजकुराचे प्रमाण १.२५ करून पाहावे, काम हलके होते.

लॉग-इनच्या पडद्याची अक्षरे बारीकच राहिली होती; पडद्यांची मांडणी नोंदवणारी मॉनिटर्स डॉट एक्सएमएल ही फाइल जीडीएम या लॉग-इनचा पडदा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात नेऊन ठेवल्यावर तीही मोठी झाली.

मॉनिटर मी इन्व्हर्टरवर घेतलेला नाही. पावसात दिवसातून तीन-चारदा वीज जाते, तेव्हा सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर दाटीवाटीने येऊन बसतात. वीज परतली की मॉनिटरचे १५० टक्के बिनचूक परत येतात, पण खिडक्यांतली एखादी लॅपटॉपवरच राहून जाते आणि ती मला दरवेळी हाताने ओढून आणावी लागते.