पंचवीस हजारी दिनारच्या दोनशे नोटा

गेल्या आठवड्यात पिंपरीहून भाच्याचा मेसेज आला. "मावशी, इराकी दिनार घेऊन ठेवू का? दहा लाख दिनार नव्वद हजार रुपयांत मिळतायत. तिकडचं राजकारण एकदा थाऱ्यावर आलं की भाव हजारपट होणार म्हणे." सोबत एक व्हिडिओ होता. बोलणारा हिंदीत बोलत होता, पण वाक्यं ओळखीची होती. २०११ साली ह्यूस्टनला ओट्यावर फोन ठेवून पोळ्या लाटताना मी तीच वाक्यं इंग्रजीत ऐकली होती. मी त्याला लगेच फोन लावला आणि आजवर माहेरी कुणालाही न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. इथेही सांगते, कारण तो व्हिडिओ त्याच्या एकट्याकडे नक्कीच आलेला नाही.

माझ्या नवऱ्याची तेलाच्या धंद्यातली नोकरी २००९ च्या मंदीत गेली. आठ महिने तो घरी होता, मग मिळाली ती कमी पगाराची. लेकीच्या कॉलेजसाठी साठवलेल्यातले बरेच पैसे तेवढ्यात संपले. ती तूट कशी भरून काढायची, हाच विचार रात्रंदिवस असायचा. तेव्हा ओळखीतल्या एका भाऊजींनी दिनारचा विषय काढला. कुणी परकं नव्हतं. गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारं, आजारपणात डबा पोचवणारं कुटुंब. त्यांनी स्वतः दोन कोटी दिनार घेतले होते. आमच्या खरेदीवर त्यांना कमिशन मिळालं, हे फार उशिरा कळलं.

ते जे सांगत होते त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. १९९० च्या आधी सरकारी दराने एका दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळत, हे खरं. कुवेतवर चढाई केल्यावर निर्बंध आले आणि दिनार कोसळला, हे खरं. इराककडे प्रचंड तेल आहे, आणि २०११ मध्ये एका डॉलरला ११७० दिनार मिळत होते, तेही खरं. एवढ्या खऱ्या गोष्टींच्या शेपटाला एकच खोटं वाक्य बांधलेलं होतं: म्हणून दिनार एका रात्रीत पुन्हा जुन्या भावाला जाणार. याला सगळे 'आरव्ही' म्हणायचे, रीव्हॅल्युएशनचं लघुरूप. कुवेतचा दाखला प्रत्येक वेळी यायचा. पण कुवेतच्या दिनारचा भाव असा कधी वाढलाच नव्हता. इराकने सात महिने देश बळकावला होता. सुटका झाल्यावर कुवेतने नव्या नोटा आणून पूर्वीचाच दर पुढे चालवला.

आम्ही पन्नास लाख दिनार घेतले. दहा लाखांना ११५० डॉलर, म्हणजे एकूण ५७५०. त्या दिवशीच्या सरकारी दराने त्यांची किंमत ४३०० डॉलरसुद्धा नव्हती. म्हणजे पाकीट फोडायच्या आधीच चौदाशेहून जास्त डॉलर गेलेले होते. हा भागाकार मी तेव्हा केला नाही. विकणाऱ्या कंपनीकडे अमेरिकी अर्थखात्यात नोंदणी केल्याचा कागद होता, तो बघून आम्ही निर्धास्त झालो. पैशांच्या देवघेवीचा धंदा करणाऱ्या बहुतेक कंपन्यांना ती नोंदणी करावीच लागते. त्यात सरकारची हमी वगैरे काही नसते.

नोटा कुरिअरने आल्या. पंचवीस हजारांच्या दोनशे. तांबूस रंगाच्या, कोऱ्या, एका बाजूला गव्हाची पेंढी घेतलेली शेतकरीण आणि ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला हम्मुराबी राजाचं कोरीव चित्र. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी त्या दोनदा मोजल्या. लेक शेजारी बसून गृहपाठ करत होती. नवरा तिला म्हणाला, "हे तुझं कॉलेज."

मग सुरू झाले रात्रीचे कॉन्फरन्स कॉल. बोलणाऱ्यांना तिथे खरोखरच 'गुरू' म्हणत. बगदादमध्ये आपली माणसं आहेत, बँकांमध्ये आहेत, असं ते सांगत. आणि इराकमध्ये काहीही घडो, त्याचा अर्थ एकच निघायचा. २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला नऊ महिने लागले होते; संरक्षण आणि गृह खात्याला मंत्री मिळाले की आरव्ही. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य बाहेर पडलं. आता वाट मोकळी. ऑक्टोबर २०१२ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सिनान अल-शबिबी परदेशात असताना त्यांना हटवून अटक वॉरंट काढलं. भ्रष्ट लोकांची साफसफाई चाललीय, आता अगदी थोडे दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या 'चॅप्टर सेव्हन'मधून, म्हणजे सनदेतल्या सक्तीच्या कारवाईच्या प्रकरणातून, सुटका झाली की नक्कीच, असं तर वर्षभर घोकलं गेलं. २७ जून २०१३ ला सुरक्षा परिषदेचा कुवेतसंबंधीचा तो ठराव झाला. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत जागे होतो. सकाळी दर तोच होता. अस्थैर्याची बातमी आली की 'म्हणून उशीर होतोय', स्थैर्याची आली की 'आता होणार'. विश्वास तोडायला बातमीला कुठे जागाच ठेवलेली नव्हती.

दरम्यान आम्ही आणखी एक खड्डा खणला होता. कंपनीची 'रिझर्व्ह' नावाची योजना होती. दोन कोटी दिनार आजच्या भावाने राखून ठेवायचे, दहा टक्के आत्ता भरायचे, बाकीचे आरव्ही झाल्यावर. आम्ही २३०० डॉलर भरले. मुदत साठ दिवसांची. साठ दिवस झाले, पैसे गेले. "एवढं थांबलात, आता हातचं सोडू नका" म्हणून परत २३०० भरले. तेही गेले. या व्यवहारात कंपनीला एकही नोट द्यावी लागली नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सर्वांत निर्दय गोष्ट हीच.

माझ्या ऑफिसात इराकमधल्या बसऱ्याचे एक सहकारी होते. एकदा मी धीर करून एक नोट घेऊन गेले आणि त्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, किती आहेत विचारलं, आणि उठून दार लोटून घेतलं. त्यांचे वडील शाळामास्तर. नव्वदच्या दशकात निर्बंधांच्या काळात त्यांचा महिन्याचा पगार तीन हजार दिनार होता, आणि १९९५ च्या अखेरीस डॉलरच तीन हजारांच्या आसपास गेला होता. महिनाभर शिकवायचं आणि एक डॉलर घरी आणायचा. आईने आधी बांगड्या विकल्या, मग गालिचा, शेवटी वडिलांची पुस्तकं. "आमच्याकडे पगार झाला की आधी डॉलर घेतात," ते म्हणाले. घर, गाडी यांचा भाव तेव्हा तिथे डॉलरमध्येच बोलायचे. शंभराच्या नोटेला 'वरका' म्हणतात आणि दहा हजार डॉलरना 'दफ्तर'. आपल्या दफ्तराचाच शब्द. ज्यांचं ते चलन आहे ते हातातून टाकायला बघतात आणि तुम्ही ह्यूस्टनमध्ये ते साठवताय, हे त्यांना समजत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काळजी होती.

त्यांनीच मला कागदावर हिशोब करून दाखवला. युद्धानंतर, ऑक्टोबर २००३ पासून तीन महिन्यांत, नव्या नोटा आल्या त्या सद्दामच्या कोसळलेल्या नोटांच्या बदल्यात, एकास एक. तीन डॉलरचा दिनार या नोटांनी कधी पाहिलाच नव्हता. मी घेतल्या तेव्हा बाजारात नुसते छापील दिनार तीस लाख कोटींच्या घरात होते. ते तिनाने गुणा: नव्वद लाख कोटी डॉलर, अमेरिकेच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ सहापट. कोण देणार होतं ते? आणि इराक सरकार का देईल? त्यांची जवळजवळ सगळी कमाई तेलाची, ती येते डॉलरमध्ये, आणि पगार वाटायचे दिनारमध्ये. पंचाहत्तर डॉलरच्या पिंपाचे ११७० च्या दराने ८७ हजारांवर दिनार होतात. एक दिनार तीन डॉलर केला तर त्याच पिंपाचे पंचवीस. मास्तरांचा पगार कशातून द्यायचा?

म्हणूनच तेलाचे भाव पडले तेव्हा, डिसेंबर २०२० मध्ये, त्यांनी दिनार उलट स्वस्त केला, साधारण ११९० वरून १४५० च्या पुढे. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी दर १३०० वर आणला, तेव्हा त्या भाऊजींच्या घरून वहिनींचा फोन आला, "झाली बघ आरव्ही!" बारा वर्षं जिची वाट पाहिली ती खरोखरच झाली होती. दहा टक्क्यांच्या आसपास. मी घेतल्या त्या दिवसापेक्षा दर तरीही वाईटच होता.

'भ्रष्टाचार संपला की भाव चढेल' हेही भाच्याच्या व्हिडिओत आहे. सरकारी दराने डॉलर मिळवायचे, खोटी आयात-बिलं दाखवायची, आणि तेच डॉलर चढ्या दराने बाजारात फिरवायचे, यावर तिथे कित्येकांनी माड्या बांधल्या; जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने चौदा इराकी बँकांचे डॉलर व्यवहार त्यामुळेच बंद केले. त्याआधी २०२१-२२ मध्ये करखात्याच्या अनामत रकमेतले ३.७ लाख कोटी दिनार, म्हणजे अडीच अब्ज डॉलर, २४७ धनादेशांवर सरकारी बँकेतून उचलले गेले. जिथे हे घडतं तिथलं चलन आपल्याला श्रीमंत करणार, हे ऐकताना आम्हाला त्या लोकांची दया यायला हवी होती. आम्ही मात्र फोनवर त्यांचं सरकार पडायची-उभं राहायची वाट बघत होतो.

दिनारच्या नोटांवरची तीन शून्यं काढून टाकण्याची चर्चा अधूनमधून होते, तिलाही भुलू नका. शून्यं गेली तर पंचवीस हजाराच्या नोटेबदली पंचवीसची मिळेल आणि पावाच्या किमतीतलीही तीन शून्यं जातील. भारतातल्यांसाठी आणखी एक: रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारकाखेरीज कुणाकडूनही परकीय चलन विकत घेणं फेमा कायद्याचा भंग आहे आणि दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. म्हणजे फसलात तर तक्रार करतानाही आपणच अडकायचं.

नोटा मी शेवटी २०२३ मध्ये विकल्या. मोठ्या बँकांनी हातही लावला नाही. एका दुकानदाराने दहा लाखांना सहाशे डॉलर दिले. एकूण १०,३५० गेले, ३००० परत आले. लेकीने कॉलेजचं कर्ज स्वतः फेडलं. भाऊजींचे दोन कोटी अजून त्यांच्या कपाटात आहेत, आणि आमच्यात तो विषय निघत नाही.

भाच्याला मी एकच प्रश्न विचारायला लावला: मी आज घेतले आणि उद्या तुम्हालाच परत विकले, तर किती द्याल? दहा मिनिटांत उत्तर आलं, ते त्याने मला जसंच्या तसं पाठवलं. "बायबॅक नाही. आरव्ही झाल्यावर बँकेत बदलून मिळतील. आजच बुकिंग केलं तर दोन हजार सूट."