जुनं 15 एचपी आउटबोर्ड: एक हंगाम वापरल्यानंतर

होडीच्या मागे बाहेरून लावायचं यामाहाचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन, गेल्या पावसाळ्यात जुनं घेतलं. जून-जुलै मासेमारी बंदीचे, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे बघायला निवांत वेळ मिळतो. नारळी पौर्णिमेनंतर कर्ली खाडीत उतरवलं, आता मे उजाडला. खाडीपुरतं मशीन भरवशाचं आहे. देवबागच्या संगमाबाहेर, खुल्या समुद्रात मात्र मी एकट्या त्याच्या जिवावर जात नाही, सोबत दुसरी होडी असेल तरच.

विकणारा रंग दाखवतो आणि "फार चाललेलं नाही" म्हणतो. दोन्हीकडे दुर्लक्ष करावं. अशा मशीनला तासांचं मीटर नसतं आणि रंग कालही मारलेला असू शकतो. मी आधी झाकण काढून सिलिंडर हेडला हात लावला. गार होतं, म्हणून पुढची बोलणी. तापवून ठेवलेलं मशीन कुणीही सुरू करून दाखवेल! गार असताना चोक ओढून तिसऱ्या झटक्याला धरलं, ते मला पुरे होतं.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू जरा सैल केला की तळाला बसलेलं पाणी असेल तर आधी तेच बाहेर येतं. ऑइल दुधाळ चहासारखं निघालं तर सील गेलेत. बहुतेक वेळा पंख्यामागे गुंडाळलेली तंगूस (गळाची नायलॉन दोरी) सील कापते. इथे ऑइल काळपट, पण स्वच्छ होतं. स्क्रूच्या टोकाला बारीक करडा लेप होता, तो चालतो. धातूचे तुकडे दिसले असते तर तिथूनच परत फिरलो असतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, 112 आणि 108 पीएसआय. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघायचा, दहा टक्क्यांच्या आत हवा.

इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड करायला पाणी खेचणारा रबरी पंखा, न बघताच बदलला. पडून राहिलेल्या मशीनमध्ये रबराची पाती वाकलेलीच राहतात आणि त्या भागासाठी जुगार खेळण्यात अर्थ नाही. तरीही डिसेंबरात इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली. बाहेर पडायच्या भोकात मीठ धरलं होतं; तार घातली, धार पुन्हा जोरात. तेव्हापासून खाडीतून आलं की पिंपातल्या गोड्या पाण्यात चालवतो आणि शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत सोडतो.

खरा त्रास मशीनने दिला नाही, पेट्रोलने दिला. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि किनाऱ्यावर ओलीला काय तोटा! टाकी आठवडे तशीच राहिली की पाणी तळाला जातं. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक) एकदा तुंबला, पेट्रोल दाबून चढवायच्या फुग्यासकट जुनी नळी मऊ पडली म्हणून बदलली. आता पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलाय आणि लागेल तेवढंच पेट्रोल आणतो, लिटरला 20 मिली टीसीडब्ल्यू-3 (होडीच्या टू-स्ट्रोकचं) ऑइल घालून. स्कूटरचं टूटी ऑइल स्वस्त पडतं, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी नाही.

तक्रारी दोनच. हळू चालवत गळ ओढला की प्लग काळे पडतात, म्हणून जादा जोडी आणि पाना होडीतच असतो. आणि पूर्ण वेगाला पेट्रोल भरमसाट पितं. फोर-स्ट्रोकवाल्या शेजाऱ्याचा खर्च बघून पोटात दुखतं. पण त्याच्या मशीनच्या निम्म्याहून कमी पैशात हे आलं आणि उघडून दुरुस्त करायला मालवणात माणूस आहे.

बंदी लागली की थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) काढून बघणार, आणि गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा अ‍ॅनोड निम्मा झिजलाय, तो बदलायचा.