नाताळात एकच बघायचा तर: 'द फॅमिली स्टोन' की 'हॅपिएस्ट सीझन'?

दोन्ही सिनेमे अमेरिकेतले, पावणेदोन तासांच्या आतले. दोन्हींत नाताळासाठी जोडीदाराला पहिल्यांदा घरी नेलं जातं. फरक आहे तो आपल्याला चीड कुणाची येते, यात.

'द फॅमिली स्टोन'मध्ये (2005) ती आधी घरच्यांची येते. स्टोन घरातल्या एव्हरेटला प्रेयसी मेरेडिथला मागणी घालायला आजीची अंगठी हवी आहे. मेरेडिथ चापूनचोपून केस बांधलेली, अवघडली की घसा खाकरणारी. मोकळ्याढाकळ्या स्टोन मंडळींना ती बघताक्षणी नकोशी. एव्हरेटची बहीण एमी तर टोमण्यांची तयारी करूनच बसलेली. मग जेवणाचं टेबल. भाऊ थॅड बहिरा आणि समलिंगी, शेजारी त्याचा जोडीदार. मूल असं असावं असं कुठल्या आईबापांना वाटेल, असं काहीतरी मेरेडिथ बोलून बसते, आणि सावरायला जाते तसतशी आणखी रुतते. अहो, कुणीतरी तिला थांबवा! आई (डायन कीटन) थॅडशी खुणांच्या भाषेत बोलते, ते बघताना डोळे भरून येतात. सारा जेसिका पार्करला मेरेडिथच्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोबचं नामांकन होतं, ते या एका प्रसंगावरच पटतं. उत्तरार्धातली जोड्यांची अदलाबदल मात्र काही केल्या पचत नाही. एव्हरेट मेरेडिथच्या बहिणीवर इतक्या झटपट भाळतो?

'हॅपिएस्ट सीझन'मध्ये (2020) चीड येते ती घरी नेणाऱ्या हार्परची. प्रेयसी ॲबीला आग्रहाने बोलावते, आणि निम्म्या वाटेत सांगते की आपल्याबद्दल घरी कुणालाच माहीत नाही. तू फक्त रूममेट. वडील महापौरपदाच्या निवडणुकीत, त्यामुळे घराची अब्रू जपण्याचा खटाटोप. ॲबी झालेली क्रिस्टन स्ट्यूअर्ट गप्प राहूनच सगळं सोसते. हार्परची पूर्वीची प्रेयसी रायली भेटल्यावर तर ॲबीने हिच्यासोबतच निघून जावं असं वाटायला लागतं. दिग्दर्शिकेला ते अभिप्रेत नसावं. शेवट घाईत उरकलाय. पण ॲबीचा मित्र जॉन (डॅन लेव्ही) आणि हार्परची दुर्लक्षित बहीण जेन धमाल आणतात. जेन झालेली मेरी हॉलंड सहलेखिकाही आहे.

माझं मत 'स्टोन'ला. मात्र त्यातल्या आईचा कॅन्सर उलटलेला आहे आणि पोस्टरवरून त्याची कल्पना येत नाही. घरात नुकतंच कुणी अशा आजारातून गेलं असेल, तर या वर्षी 'हॅपिएस्ट सीझन'च लावा.