हेड गॅस्केटच्या नावाखाली ४८,४५० रुपये लुबाडले

गॅरेजने माझ्याकडून घेतलेल्या पैशांचे आधी आकडे सांगतो. रेडिएटर १४,५००, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) आणि हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) १८,२००, वॉटर पंप ४,८५०, कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) १,९००, मजुरी ९,०००. एकूण ४८,४५० रुपये. आणि खरा बिघाड कशात होता? रेडिएटरच्या फॅनच्या रिलेत, म्हणजे फॅन चालू-बंद करणाऱ्या छोट्या विजेच्या स्विचमध्ये. तो ४२० रुपयांना आला.

सात सीटची डिझेल गाडी, घरची सगळी माणसं आत, दोन्ही एसी चालू आणि समोर चढावर गाड्यांची रांग. तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. मग जवळचं गॅरेज. पुढची पट्टी तुम्हाला ठाऊकच आहे: "साहेब, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." पुरावा म्हणून कुलंटच्या बाटलीतले बुडबुडे दाखवले. अरे, नुकतंच उकळलेलं इंजिन बुडबुडे दाखवणारच! गॅस्केटची शंका असेल तर निळ्या द्रवाची टेस्ट करतात. कुलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येत असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो. काही मिनिटांचं काम आहे. ही टेस्ट मागा, नाही म्हणाला तर गाडी टो करून दुसरीकडे न्या.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो पुढच्या गोष्टीने. जुना पार्ट दाखवा म्हटल्यावर गॅरेजवाल्याने एक काळं पडलेलं गॅस्केट माझ्या हातात ठेवलं. त्यात सिलिंडरचे मोठे गोल तीनच होते. माझं इंजिन चार सिलिंडरचं! मी ते हातात धरून उभा होतो, मोबाइलवर फोटोही काढला. पण आई उन्हात बसलेली, तिच्या गोळ्यांची वेळ टळलेली, मुलं रडकुंडीला आलेली. अशा वेळी गोल कोण मोजत बसतं? आणि हीच वेळ ही माणसं बरोबर हेरतात.

पैसे देऊन निघालो. गाडी मोकळ्या रस्त्यावर नीट पळाली, पुढच्या ट्रॅफिकमध्ये परत तापली. वेगात वारा लागतो, तेव्हा फॅन बंद असला तरी निभावतं. हळू चालताना तापते आणि थांबल्यावर एसीही गार करत नाही, म्हणजे आधी फॅन, फ्यूज आणि रिले बघायचं. वेगात, भरल्या गाडीला चढावर तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का ते बघा. एवढं त्या गॅरेजवाल्याला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडून मला टपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे, जे काढल्याशिवाय हेड उतरत नाही) बोल्ट दाखवले. त्यांच्यावर जुन्या तेलकट मातीचा थर तसाच होता, पान्याची एक खूणसुद्धा नाही. हेड उतरवलंच नव्हतं! रेडिएटरही जुनाच, जाळीत वाळलेले किडे तसेच.

पोलीस चौकीत सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे, तुमचं तुम्ही बघा." न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? फोटो बघायलाही कुणी तयार नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर गॅरेजकडून प्रतिसाद नाही म्हणून त्यांनीच ती बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलो ना! परिवहन कार्यालयात म्हणे गॅरेजचं काम त्यांच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? प्रत्येक टेबलावर मलाच विचारलं, "पक्कं बिल का नाही घेतलं?" चोराला कुणी काही विचारत नाही.

पैसे ऑनलाइनच द्या, पैसे दिल्याचा माझ्याकडे आज तेवढाच पुरावा आहे. कोऱ्या कागदावरचं बिल घेऊ नका. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि कुणी गळती थांबवायची पावडर टाकू लागला तर हात धरा, त्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. चौकीत हे कुणी सांगितलं नाही, मला स्वतः शोधावं लागलं. मी अर्ज भरलाय. ४८,४५० आणि त्यावर व्याज मागितलंय, एक रुपयाही सोडणार नाही.