मधेच आरोग्यविम्याचा प्लॅन बदललात? एचएसए खात्याच्या स्क्रीनवर विसंबू नका

ह्यांच्या ऑफिसने जोडून दिलेलं हे एचएसए खातं (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे औषधपाण्यासाठी करसवलतीचं बचत खातं) आम्ही इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यापासून वापरतोय. रोजच्या कामाला चोख. दातांच्या डॉक्टरकडे कार्ड बिनतक्रार चालतं, पावतीचा फोटो फोनवरूनच चढवता येतो. पगारातून कापलेल्या रकमेवर फेडरल इन्कम टॅक्स नाही, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्केही वाचतात. (न्यू जर्सी राज्य ही सवलत मानत नाही, कॅलिफोर्नियावालेही आमच्याच पंक्तीला.) सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा ह्यांनी रूट कॅनल करून घेतलं, तो खर्चही यातूनच वळता केला. पावती तेवढी इंग्रजीत मागून घ्या.

पण 2025 च्या एक जुलैला ह्यांनी नोकरी बदलली, हाय डिडक्टिबल प्लॅन (ज्यात आधी ठरावीक मोठी रक्कम आपण भरायची, मग विमा) गेला आणि पीपीओ, म्हणजे एचएसएत न बसणारा दुसरा विमा, आला. अशा वेळी खातं आपलंच राहतं, साठलेले पैसे औषधपाण्याला कधीही वापरता येतात. नवीन भर मात्र हाय डिडक्टिबल प्लॅन असलेल्या महिन्यांपुरतीच, आणि ते दर महिन्याच्या एक तारखेला कोणता प्लॅन आहे त्यावर ठरतं. 2025 ची कुटुंबाची मर्यादा 8,550 डॉलर. आमचे जानेवारी ते जून असे सहाच महिने धरायचे, म्हणजे 4,275. ऑफिसने घातलेले पैसेही त्यातच मोजायचे. वर्षाच्या सुरुवातीलाच जास्त कापून घ्यायची आमची पद्धत, त्यामुळे जूनअखेर 5,000 जमले होते. म्हणजे 725 जादा.

आणि स्क्रीनवर काय? हिरवी पट्टी, 'अजून 3,550 डॉलर भरू शकता', शेजारी पैसे भरायचं भलंमोठं बटण! प्लॅन बदलल्याचं त्या पट्टीच्या गावीही नाही. खात्याच्या कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "पूर्ण वर्षाची मर्यादा भरता येते, मॅडम." अहो, ते कुणाला? ज्याच्याकडे 1 डिसेंबरला हाय डिडक्टिबल प्लॅन असेल त्याला, आणि तोही पुढच्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत टिकवला तर. नाही टिकला, तर जादा भरलेली रक्कम उत्पन्नात धरून वर 10 टक्के कर. आमचा प्रवास नेमका उलट्या दिशेचा.

जादा पैसे तसेच ठेवले तर दरवर्षी 6 टक्के दंड. साध्या 'पैसे काढा' बटणाने काढायचे नाहीत, तो औषधपाण्याबाहेरचा खर्च धरला गेला तर कर आणि वर 20 टक्के. 'जादा भरणा परत' असा वेगळा फॉर्म असतो; कंपनीने तो मदतीच्या पानांत इतका खोल पुरलाय की उत्खननच करावं लागतं. टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत तो द्यायचा. 725 आणि त्यावरची कमाई, दोन्ही परत येतात आणि उत्पन्नात दाखवावी लागतात. बाकी हिशोब रिटर्नसोबतच्या एचएसएच्या फॉर्म 8889 वर. जादा भरण्याचा फॉर्म गेल्यावर काम मात्र सुरळीत झालं, 25 डॉलर फी घेऊन.

पाचपैकी तीन तारे. एक पट्टीचा कापला, एक फोनवरच्या उत्तराचा. आणि हो, नोकरी सुटल्यावर खात्याची महिन्याची फी ऑफिस भरत नाही, ती आपल्याच शिलकीतून जाते. शेवटच्या पगाराआधी एचआरला विचारून ठेवा.